रक्त तपासूनच देतात, मग ‘पांढरी कावीळ’ होते कशी?

मे 2022 मध्ये नागपुरातून बातमी आली. थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं, त्यातलं एक मूल दगावलं. रक्त घेणाऱ्या काही मुलांना हेपॅटायटिसही झाल्याचं सांगण्यात आलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस काढली. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागं पडला.

पण प्रश्न आपल्या जिल्ह्यालाही लागू आहे. गणपती असो, नेत्याचा वाढदिवस असो, गावात रक्तदान शिबिर ठरलेलं. या पिशव्या कुणाच्या तरी अंगात जातात. थॅलेसेमियाच्या मुलाला तर दर दोन ते चार आठवड्यांनी पिशवी लागते. वर्षाला वीसेक रक्तदाते धरले तर तितक्यांदा धोका.

मग पिशव्या तपासत नाहीत का? तपासतात. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया या पाच तपासण्या कायद्यानं सक्तीच्या आहेत. अडचण वेगळीच आहे. विषाणू अंगात शिरला की लगेच तपासणीत दिसत नाही. मधल्या काळाला डॉक्टर ‘विंडो पिरियड’ म्हणतात. त्या काळात माणूस धडधाकट असतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि रक्तातून लागण मात्र होऊ शकते.

हा काळ किती, ते तपासणी कुठली यावर ठरतं. हेपॅटायटिस बी नेहमीच्या तपासणीत साधारण महिनाभरानं दिसतो, कुणाच्यात दोन महिनेही लागतात. सी चा घोळ मोठा. त्याच्या नेहमीच्या तपासणीत विषाणू सापडत नाही, शरीरानं त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं सापडतात, आणि ती तयार व्हायला बहुतेकांत दोन-अडीच महिने जातात. ‘नॅट’ नावाची महागडी तपासणी थेट विषाणूचा अंश शोधते. तिच्यात सी एक-दोन आठवड्यांत कळतो, बी चा काळही बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. नॅट आपल्याकडं सक्तीची नाही. काही रक्तपेढ्या करतात, काही करत नाहीत. नागपूरच्या वेळीही बोट इथंच ठेवलं गेलं. ज्या मुलांचं आयुष्यच दुसऱ्याच्या रक्तावर चालतं, त्यांना तरी नॅट केलेलं रक्त सरकारी खर्चानं मिळायला हवं, त्यात खर्चाचं कारण पुढं करणं पटत नाही.

मशीन येईपर्यंत हा मधला काळ भरून काढणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे रक्तदाता. शिबिरातला फॉर्म त्यासाठीच असतो. वर्षभरात टॅटू काढलाय का, कावीळ झाली होती का, ऑपरेशन झालंय का? आपल्याकडं हा फॉर्म मित्रच भरून टाकतो, सगळीकडं ‘नाही’ला टिक. टॅटू काढल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही, हा नियम आहे. बी किंवा सी होऊन गेला असेल तर कधीच देता येत नाही. आणि ‘फुकटात तपासणी होतीय’ म्हणून रक्त द्यायला जाणं सगळ्यात वाईट, कारण शंका असलेला माणूस नेमका विंडो पिरियडमध्येच असू शकतो. मंडळानं आकडा वाढवण्यासाठी भेटवस्तू ठेवली की हा धोका वाढतो, हेही कुणीतरी बोलायला पाहिजे.

आता कावीळ म्हटलं की आपल्याला 2012 ची इचलकरंजी आठवते. ती साथ दूषित पाण्याची. बी आणि सी चा पाण्याशी संबंध नाही. एकत्र जेवल्यानं, हात मिळवल्यानं ते होत नाहीत. रक्तातून, वापरलेल्या सुईतून, आईकडून बाळाला जातात. बी तर शरीरसंबंधातूनही सहज जातो. बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो, म्हणून जत्रेत एकाच सुईनं दहा जणांना गोंदणं किंवा दाढीला तेच ब्लेड वापरणं धोक्याचं. गुजरातेत मोडासा भागात 2009 मध्ये बी ची साथ आली, अनेक जण दगावले, आणि तपास वापरलेल्या सिरिंजपर्यंत पोचला. दवाखान्यात सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक. या दोन्हीत पुष्कळदा डोळे पिवळे होतच नाहीत. वीस-वीस वर्षं काही कळत नाही, मग एकदम पोटात पाणी होतं. कावीळ उतरवून घेणाऱ्याकडं जाऊन यातलं काहीच उतरत नाही.

सी ची तपासणी रक्तपेढ्यांना सक्तीची झाली ती 2001 मध्ये. त्याआधी सिझेरियनला, अपघातात कुणाला रक्त दिलं असेल, तर घरातल्या त्या माणसाची एकदा तपासणी करून घ्या. सी वर आता गोळ्या आहेत, बहुतेकांचा आजार 12 आठवड्यांत पूर्ण जातो. बी मुळापासून जात नाही, पण औषधानं ताब्यात राहतो, आणि त्याची लस आहे. बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून 24 तासांच्या आत मिळाला पाहिजे. घरी बाळंतपण झालं तर आशाताईंना लगेच कळवा.

2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापुरात सीपीआरला विचारा. वापरलेली सुई टोचली असेल तर वाट बघत बसू नका, बी ची लस शक्यतो 24 तासांत घ्यायची असते. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा, आणि सहा महिन्यांनी एकदा शेवटची तपासणी करा. तोवर शिबिरात रक्त देऊ नका.