उत्तर नको, आधी पायरी विचारा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, सहावी-सातवीच्या मुलांना एक छोटं समीकरण द्या : ३क्ष = १२. बहुतेक जण ४ लिहितील. पण माझ्या वर्गात एकाने ९ लिहिलं आणि एकीने −४.

दोघांनाही विचारलं, "कसं आलं?" तो म्हणाला, "३ पलीकडे गेला, चिन्ह बदललं, म्हणून १२ − ३." तिने भागाकार बरोबर केला होता, पण ३ चा −३ करून! दोघांनीही आपणच शिकवलेला नियम वापरला होता : बाजू बदलली की चिन्ह बदलतं. मीही वर्षानुवर्षे हेच सांगत आले. नियम बेरीज-वजाबाकीपुरता खरा आहे, पण त्यामागचं कारण मुलांपर्यंत गेलंच नाही.

कारण तराजूत आहे. एका पारड्यातून जेवढं काढाल तेवढंच दुसऱ्यातूनही काढायचं. मग पायऱ्या अशा होतात :

३क्ष + ५ = २०
३क्ष + ५ − ५ = २० − ५ (दोन्ही बाजूंतून ५ वजा करून)
३क्ष = १५
क्ष = ५ (दोन्ही बाजूंना ३ ने भागून)
ताळा : ३ × ५ + ५ = २०

इथे काहीच "पलीकडे जात" नाही.

पालक म्हणतात, "तोंडी येतंय, मग एवढं कशाला लिहायचं?" बरोबर आहे, हे तोंडी येईल. पण आठवीत ५(क्ष − ३) = २क्ष + ६ असं येतं. समजा मुलाने उत्तर ३ काढलं. नुसतं उत्तर असेल तर आपण फुली मारतो आणि विषय संपतो. पायऱ्या असतील तर दिसतं, की त्याने कंस सोडवताना ५क्ष − ३ लिहिलंय, १५ करायचे राहिले. पुढचं सगळं बरोबर आहे! म्हणजे मुलाला समीकरण येतं, फक्त कंस पक्का करायचा आहे. ताळा केला असता तर डावीकडे ०, उजवीकडे १२ पाहून त्याची चूक त्यालाच सापडली असती. बरोबर उत्तर ७.

"असं शिकवलं तर पोर्शन कसा संपणार?" हा प्रश्न मलाही पडतो. मी दहा गणितांऐवजी पाचच देते, पण कारण आणि ताळ्यासकट. काही दिवसांनी मुलं स्वतःच मधली ओळ गाळायला लागतात. तेव्हा खुशाल गाळू द्या, कारण आता त्यांना माहीत असतं की काय गाळलंय.

पालकांना एकच विनंती. आज वही बघताना "उत्तर काय आलं?" असं विचारू नका. एका ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, "ही ओळ वरच्या ओळीवरून कशी आली?" तुम्हाला स्वतःला गणित येत नसलं तरी चालेल. मूल समजावून सांगू लागलं, की त्याचं कुठे अडलंय ते दोघांनाही कळेल.