राजधानी कोणाची आणि रान कोणाचे?

रा. रा. संपादक महाशय यांस,

आपल्या पत्राचे वाचक नांगर धरणारे आणि हातोडा, वाकस, चाक चालविणारे लोक आहेत. म्हणून हा मजकूर मी त्यांच्याच पुढे ठेवतो. मोठ्या लोकांच्या सभेत तो कोणी वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. ज्याच्या वावरावर शहर उभे राहते त्याच्या ओसरीवर तो वाचला जावा, एवढीच इच्छा.

परवा शाळा सुटल्यावर ओट्यावर बसलो असता एका कास्तकाराने विचारले, "गुरुजी, नागपुराजवळ नवं शहर बांधून राह्यले म्हणतात. उद्या थे राजधानी झालं त आपल्या गावाले काय भेटन?" मी मास्तर, उत्तर देणे हा माझा धंदा. पण जीभ अडली. घरी येऊन विचार केला आणि जे उत्तर सुचले ते आज लिहितो. ते गोड नाही.

बंधूंनो, आपण वर्धेकर एका राजधानीचे जुने शेजारी आहोत. १८६१ साली मध्यप्रांत झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी होती. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला वाट्याची आश्वासने मिळाली. १९५५ साली फाजल अली आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली. ती बाजूस राहिली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पाऊणशे किलोमीटरांवरची राजधानी साडेसातशे किलोमीटरांवर गेली. आपल्या वाट्याला काय उरले? हिवाळ्यातले अधिवेशन. आठवडा-दोन आठवडे सरकार येते, मोर्चे येतात, कठड्याशी अडतात, निवेदन देतात, आणि सरकार परत जाते.

आमच्या गावात एक विधवा बाई आहे. एका कामात तिचे अडीच एकर रान गेले. वाढीव मोबदल्याचा कागद एका कचेरीत पडून राहिला. मी तिच्याबरोबर दोनदा गेलो. "वरून आले नाही," एवढेच उत्तर. 'वर' कोठे आहे हे त्या बाईला अजून समजले नाही. तिला वाटते, देव वर असतो तसे सरकारही वरच असते.

म्हणून राजधानी जवळ यावी असे जो म्हणतो त्याच्याशी माझे भांडण नाही. विदर्भाचे राज्य व्हावे की न व्हावे, हा वाद ज्याचा त्याने करावा. माझे म्हणणे निराळे आहे. नवी राजधानी बांधायची म्हणजे प्रथम कोणाचे तरी रान लागते. ते रान देणाऱ्याला आजवर काय मिळाले, याचा हिशेब आधी होऊ द्या.

पहिला दाखला आपल्याच राज्यातला. मुंबईची गर्दी वाढली, म्हणून १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघा तज्ज्ञांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी कल्पना मांडली. तिचा प्राण एकच होता : सरकारने आपल्या कचेऱ्या तिकडे हलवाव्यात, म्हणजे लोक मागोमाग जातील. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचा पट्टा शहरासाठी राखला गेला. आगरी-कोळ्यांची भातखाचरे गेली, मिठागरे गेली. आणि मंत्रालय? ते खाडी ओलांडून गेलेच नाही. उलट त्याच काळात नरीमन पॉइंटला समुद्र बुजवून इमारती उठल्या, आणि १९८१ साली नवे विधानभवनही तेथेच उभे राहिले. २०१२ साली मंत्रालयाला आग लागली. तेही पुन्हा जागच्या जागीच उभारले. सरकार ज्या गावाला जायला तयार नव्हते, त्या गावासाठी शेतकऱ्याला मात्र घर सोडायला लावले!

शहर वाढले हे मी नाकारीत नाही. बाजारपेठ आली, रेल्वे आली, विमानतळही झाला. पण जमिनीच्या योग्य दामासाठी काय करावे लागले? दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली लोक रस्त्यावर आले; १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरणात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मारले गेले. त्या रक्तानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. ज्याचे शंभर होते त्याला साडेबारा मिळविण्यासाठी पाच मुडदे मोजावे लागले. हा भाव कोणत्या बाजारातला?

येथे आपल्या पक्षाच्या लोकांनी एक कडू घोट घ्यावा. आपण फार दिवस म्हणत आलो की कचेरीत आपला माणूस नाही, म्हणून रयत नागवली जाते. सिडको निघाली तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातले, शेतकऱ्याचे पुत्र. गोळी चालली तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील, तेही शेतकऱ्यांतलेच. म्हणजे खुर्चीवर आपला माणूस बसविला की काम संपले, हा भ्रम सोडा. खुर्चीची जात निराळी असते. तिच्यावर नजर ठेवणारे गाव जागे नसेल, तर आपला माणूसही तिच्यावर बसून 'वर'चाच होतो.

दुसरा दाखला पंजाबचा. फाळणीत लाहोर गेले, म्हणून शेतजमिनींवर चंदीगड बांधले. परदेशचा नामांकित शिल्पकार ल कॉर्बुझिए आणला. रस्ते सरळ, झाडे सुरेख. पण १९६६ साली पंजाबातून हरयाणा वेगळा झाला आणि चंदीगड केंद्राच्या ताब्यात गेले. आज ते दोन राज्यांची राजधानी आहे आणि दोघांपैकी एकाचेही नाही. रान पंजाबी शेतकऱ्याचे, किल्ली दिल्लीची.

तिसरा दाखला अगदी ताजा, आंध्रातला. २०१४ साली तेलंगण वेगळा झाला, हैदराबाद गेले, तेव्हा कृष्णेच्या काठी अमरावती नावाची राजधानी ठरली. पंचवीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांनी तेहतीस हजार एकरांहून अधिक जमीन एकत्र करून दिली. बदली शहरातला भूखंड आणि दहा वर्षे दरसाल ठरावीक रक्कम मिळेल, असा करार झाला. २२ ऑक्टोबर २०१५ रोजी पायाभरणी झाली. समारंभाला संसदेच्या आवारातली माती आणि यमुनेचे पाणी आणले गेले. हजारो एकर माती गेली, तिच्या सन्मानार्थ दिल्लीहून मूठभर माती आली! पुढे सरकार बदलले. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने तीन राजधान्यांची टूम काढली. शेतकरी बायाबापड्यांसह साडेचार वर्षे धरणे धरून बसले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण २०२४ साली पुन्हा सरकार बदलले तेव्हाच कामे हलली. म्हणजे शेतकऱ्याने करार केला सरकारशी, आणि तो टिकला की नाही हे ठरले निवडणुकीवर. सावकाराचा कागदसुद्धा याहून पक्का असतो.

आणि ज्याच्या नावे सातबाराच नाही त्याचे काय? अमरावतीत भूमिहीन कुटुंबाला महिना अडीच हजार रुपये ठरले होते. रान गेले की कास्तकाराच्या हाती काही रक्कम येते. पण त्या रानाच्या वखर-डवऱ्यावर जगणारा सुतार-लोहार, निंदणाला जाणारी बाई, गुरे राखणारा गडी यांच्या हाती काय येते? त्यांचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून त्यांचे नुकसानही सातबाऱ्यावर दिसत नाही.

आता घराजवळ या. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यात गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) येथे सुमारे ६९२ हेक्टरांवर 'नवीन नागपूर' नावाचे व्यापारी केंद्र मंजूर केले. हिंगणा म्हणजे आपल्या जिल्ह्याची शीव. 'रिठी' हा शब्द आपल्याला ठाऊक आहे : वस्ती उठलेला, उजाड मौजा. कागदावर रिठी वाचणाऱ्याला वाटते, येथे कोणी नाही. पण वस्ती नसली म्हणजे वहिवाट नसते काय? शेजारच्या गावचा माणूस रोज बैल हाकीत तेथे जातो. नकाशावर तो दिसत नाही, कारण नकाशा काढणारा पेरणीच्या दिवशी तेथे येत नाही.

कोणी म्हणतील, "मास्तर, कापसाला भाव नाही, पोराला शेती नको, शहर आले तर जमिनीला सोने येईल, अडवता कशाला?" मी अडवीत नाही. सोने येते हे खरे. पण ते कधी येते? खरेदीखतावर अंगठा उठल्यावर! रस्ता सरकारी पैशाने होतो, रान शेतकऱ्याचे जाते, आणि वाढलेला भाव मधल्याच्या खिशात पडतो. माझे भांडण या क्रमाशी आहे.

कायदाही डोळे उघडे ठेवून वाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम १०१ म्हणते की ताबा घेतल्यापासून पाच वर्षे जमीन वापराविना पडली, तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूमी-बँकेत परत जाईल. या 'किंवा'त सारे पाणी मुरते. मालक दाराशी उभा असता जमीन बँकेत कशाला जावी?

म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. राजधानीसाठी रान लागलेच तर ते विकत नको, भाडेपट्ट्याने घ्या. मालकी शेतकऱ्याची राहो. भाव वाढेल तसे भाडे वाढो.

२. ज्या कामासाठी रान घेतले ते काम ठरल्या मुदतीत झाले नाही, तर रान मालकालाच परत. 'किंवा' नको.

३. सातबारा नसलेल्या कारागीर-मजुरांची नावे गावसभेत वाचून आधी यादी करा. पहिला हप्ता त्यांचा.

४. सरकारी आणि पडीत जमीन संपल्याशिवाय काळ्या रानाला हात नको.

५. आणि राजधानी बांधण्याआधी सही करण्याचा अधिकार तालुक्याला द्या. त्या विधवेला मोठी इमारत नको आहे, तिला तिचा कागद हवा आहे.

शेवटची मागणी पुरी झाली, तर निम्मी राजधानी बांधावीच लागणार नाही.

तोवर आपले काम आपल्या हाती आहे. कोरा कागद आला तर सही करू नका. लिहिलेला आला तर शाळेत आणा. मी किंवा सातवीतले पोर तो वाचून दाखवील. गावसभेत ठराव करा, त्याची नक्कल घरी ठेवा. त्या कास्तकारालाही मी उद्या हेच सांगणार : राजधानी आली तर गावाला काय मिळेल, हे राजधानीवर नाही, रान देण्यापूर्वी आपण काय लिहून घेतो, त्यावर आहे.

आपला,
एक खेडवळ मास्तर
जिल्हा वर्धा