बरोबरी मोडू नका

२०२५च्या हंगामात आमच्या फॅन्टसी बेसबॉल लीगचा करंडक मला मिळाला. हा लेख त्या निकालाविरुद्ध आहे. हरलेला माणूस नियमांवर बोलू लागला की लोक ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणून मोकळे होतात. म्हणून हे काम जिंकलेल्यानेच केलेलं बरं.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. १९८० साली डॅनियल ओक्रेंट या अमेरिकन लेखक-संपादकाने मित्रांना जमवून हा उद्योग सुरू केला. न्यूयॉर्कच्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या रेस्टॉरंटात ही मंडळी जेवायला भेटत, म्हणून त्याला ‘रोटिसरी’ हे नाव पडलं. खऱ्या बेसबॉलपटूंचा लुटुपुटूचा लिलाव करायचा, प्रत्येकाने २६० डॉलरांत २३ खेळाडू बसवायचे आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत ते मैदानावर जे करतील ते आपल्या खात्यात जमा. आमच्याकडे बारा संघ आणि दहा प्रकार आहेत. फलंदाजीत धावा, होम रन, आरबीआय, चोरलेले बेस आणि सरासरी. पिचिंगमध्ये विजय, सेव्ह, स्ट्राइकआउट, ईआरए आणि व्हिप. प्रत्येक प्रकारात पहिल्याला बारा गुण, शेवटच्याला एक. दहांची बेरीज ज्याची सर्वांत मोठी तो विजेता.

न्यू जर्सीत एडिसनला एका मित्राच्या बेसमेंटमध्ये दर मार्चला आमचा लिलाव होतो. बाराजणांतले आठ मराठी. मुलं मोठी होऊन पांगली, गणपतीतल्या नाटकाच्या तालमी बंद पडल्या, पण मार्चचा तो शनिवार कुणी चुकवला नव्हता. रविवार, २८ सप्टेंबरला हंगामाचा शेवटचा सामना संपला तेव्हा तक्त्यात सर्वांत वर दोन संघ होते. माझे ९१ गुण, माझ्या एका जुन्या मित्राचेही ९१.

मग आमच्या कमिशनरने नियमावली उघडली. कलम असं होतं: एकूण गुण समान झाल्यास, दोघांपैकी जो अधिक प्रकारांत पुढे तो विजेता. पाच प्रकारांत मी पुढे होतो, चारांत तो. सेव्हमध्ये आम्ही समान होतो. झालं. करंडक माझ्याकडे, बक्षिसाचा मोठा वाटाही माझ्याकडे. मित्राने ग्रुपवर ‘अभिनंदन’ लिहिलं आणि यंदाच्या मार्चमध्ये तो लिलावाला आला नाही. कारण त्याने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

आता त्या कलमाचा हिशेब पाहू. माझ्या पाच प्रकारांतली आघाडी मिळून सात गुणांची होती. त्याच्या चार प्रकारांतली आघाडीही मिळून सातच गुणांची असणार, नाहीतर बेरीज समान आलीच नसती. म्हणजे मी जिथे पुढे होतो तिथे सरासरी १.४ गुणांनी, आणि तो जिथे पुढे होता तिथे १.७५ गुणांनी. माझे विजय संख्येने जास्त पण निसटते. त्याचे कमी पण भक्कम. ‘ज्याची आघाडी अधिक भक्कम तो विजेता’ असं कलम असतं तर करंडक आज त्याच्या दिवाणखान्यात असता. या दोन कलमांपैकी एक न्याय्य आणि दुसरं अन्याय्य असं कुणी दाखवून द्यावं. नाही दाखवता येणार. दोन्ही त्याच आकड्यांचे दोन अर्थ आहेत, आणि त्या आकड्यांचं म्हणणं एकदा सांगून झालं होतं: ९१ आणि ९१.

याहून मोठी विसंगती सेव्हच्या रकान्यात आहे. तिथे आम्ही दोघे चौथ्या-पाचव्या जागी समान होतो. त्या जागांचे गुण नऊ आणि आठ. रोटिसरीत याचा निवाडा सगळ्यांना पाठ असतो: दोन्हींची बेरीज सतरा, दोघांना साडेआठ-साडेआठ. सेव्ह समान झाले म्हणून ‘मग यातल्या कुणाचे स्ट्राइकआउट जास्त?’ असं कुणी विचारत नाही. दहाच्या दहा रकान्यांत हा खेळ बरोबरीला बरोबरी म्हणतो आणि शांतपणे अर्धे गुण वाटतो. अकराव्या रकान्यात, बेरजेच्या रकान्यात, मात्र त्याला एकदम घाम फुटतो. तिथे अर्ध्याची लाज का वाटावी?

माझं म्हणणं असं: बरोबरी मोडण्याचा प्रामाणिक मार्ग एकच, आणखी खेळणं. खेळून नवा पुरावा मिळतो. जुन्याच पुराव्याची नव्या मापाने मोजणी करणं म्हणजे निकाल लावणं नव्हे, निकाल गाठीशी नसताना तो असल्याचं भासवणं.

खुद्द बेसबॉलला हे अनेक दशकं कळत होतं. १९७८ साली १६२ सामन्यांनंतर यांकीज आणि रेड सॉक्स समान राहिले, तेव्हा २ ऑक्टोबरला फेनवे पार्कवर १६३वा सामना झाला. यांकीज दोन धावांनी मागे असताना बकी डेंटने सातव्या डावात तीन धावांचा होम रन मारला. अख्ख्या हंगामातला त्याचा तो पाचवाच. यांकीज ५-४ने जिंकले. बॉस्टनवाल्यांनी डेंटला पुढे वर्षानुवर्षं शिव्या दिल्या असतील, पण निकाल कागदावर लागला असं कुणी म्हणू शकलं नाही.

२०२२पासून तो जादा सामना बंद झाला. प्लेऑफमधल्या संघांची संख्या बारावर नेली आणि बरोबरी परस्परांतल्या सामन्यांवरून मोडायचं ठरवलं. आमचा निकाल लागला त्याच रविवारी सिनसिनाटी रेड्स आणि न्यूयॉर्क मेट्स दोघेही ८३ विजय, ७९ पराभवांवर थांबले. परस्परांतल्या सहा सामन्यांत रेड्स ४-२ने पुढे होते. रेड्स आत, मेट्स घरी.

क्रिकेटवाल्यांना याचं नवल वाटणार नाही. १४ जुलै २०१९ला लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्या २४१ धावा झाल्या. सुपर ओव्हर झाली, ती प्रामाणिकच. शेवटी तो खेळच होता. तिथेही १५-१५. मग कुणीतरी चौकार-षटकार मोजले, २६ विरुद्ध १७, आणि विश्वचषक इंग्लंडला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियम काढून टाकला. जे कलम विश्वविजेता ठरवायला वापरलं ते तीन महिन्यांत टाकावं लागतं, यावरून त्याची लायकी कळते.

आता आक्षेप. पहिला वजनदार आहे: कधीकधी एकालाच पुढे जायचं असतं. मान्य. प्लेऑफमध्ये जागा एक आणि दावेदार दोन असले तर काहीतरी करावंच लागतं. ज्या लीगमध्ये दर आठवड्याला दोन संघ समोरासमोर भिडतात, तिथे उपांत्य फेरी ५-५ सुटली तर क्रमवारीत वरच्या संघाला पुढे पाठवतात; तेही मला चालेल, कारण तो क्रम महिनोन्महिने खेळून मिळवलेला असतो. पण अजिंक्यपदानंतर पुढे कुठे जायचं असतं? २८ सप्टेंबरनंतर आमच्यापैकी कुणाला कुठे जायचं होतं? कामावर, सोमवारी.

दुसरा आक्षेप पैशांचा. पहिलं आणि दुसरं बक्षीस एकत्र करून निम्मं-निम्मं वाटावं. सेव्हच्या रकान्यात जे गणित सहज सुटतं ते चेकवर का सुटू नये?

तिसरा आक्षेप आमच्या कमिशनरचा: नियम मार्चमध्येच सगळ्यांना मान्य होता. खरं आहे, म्हणूनच मी निकाल उलटवा असं म्हणत नाही. कमिशनर नियमाप्रमाणे वागला, त्याला दोष नाही. पण आधी मान्य केल्याने नियम कायदेशीर होतो, शहाणा होत नाही. शिवाय मार्चमध्ये ते कलम वाचलं होतं कुणी? आम्ही सगळे शॉर्टस्टॉपच्या भावाकडे बघत होतो.

‘खेळच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं. २०२०च्या नीट परीक्षेत दोन मुलांना ७२० पैकी ७२० गुण पडले. त्याहून जास्त गुण मिळवणं शक्यच नव्हतं. तरी एकच पहिला हवा म्हणून वय पाहिलं गेलं. जो वयाने मोठा तो पहिला, जी लहान ती दुसरी. एका मुलीने एकही गुण न गमावता पहिला नंबर गमावला. दोघांना पहिलं म्हटल्याने कुणाचंही काही अडलं नसतं. आपल्याला समान माणसं शेजारी उभी केलेली बघवत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या लिलावाआधी मी आमच्या लीगपुढे दोन ओळींची दुरुस्ती ठेवणार आहे: अंतिम गुण समान झाल्यास अजिंक्यपद संयुक्त राहील, पहिल्या दोन बक्षिसांची बेरीज करून समान वाटणी होईल. तिला विरोध होईल, कारण अजून दहाजणांना वाटतं की हा प्रसंग त्यांच्यावर येणार नाही.

गेल्या हंगामाची तफावत जेवढी होते तेवढ्या रकमेचा निम्मा चेक मी लिहून ठेवला आहे. करंडकावर दुसरं नाव कोरायला वुडब्रिजच्या दुकानदाराने दोन दिवस मागितले आहेत. ते झालं की करंडक आणि चेक दोन्ही मित्राच्या घरी स्वतः नेऊन देणार आहे. सहा महिने त्याच्याकडे राहू दे. तो दार उघडेल का, आणि उघडलं तर मार्चमध्ये येईल का, हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही.