टिकोजीरावांना नावे ठेवलीच पाहिजेत

नावे ठेवणे हा दुबळ्यांचा उद्योग आहे, असे हल्ली वारंवार ऐकू येते. कोणी मान वर काढली, चार माणसे भोवती जमवली, की लोक त्याला टिकोजीराव, लाटसाहेब, तीसमारखाँ म्हणू लागतात. आपल्याला जमत नाही म्हणून करणाऱ्याचे पाय ओढतात. तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या कुंभवलीत हा आक्षेप विशेष जोरात निघतो, कारण इथे ‘काम करून देणाऱ्या’ माणसाची गरज रोजची आहे. कारखान्यात चिकटवणारा, गेटपास मिळवून देणारा, पंचायतीतला दाखला काढून आणणारा. अशा माणसाला टिकोजीराव म्हणणे म्हणजे कृतघ्नपणा, असे सांगतात.

मला हे मुळीच मान्य नाही. हे शब्द मत्सरातून आले असते, तर ते प्रत्येक वरचढ माणसाला चिकटले असते. तसे होत नाही. बिघडलेले यंत्र तासाभरात सुरू करणाऱ्या फिटरला कोणी लाटसाहेब म्हणत नाही, त्याला वस्ताद म्हणतात. थोरला बाजीराव खरोखर पराक्रमी होता, म्हणून तर ‘तू काय बाजीराव लागून गेलास?’ या प्रश्नाला धार आहे. हा प्रश्न कर्तबगारीला विचारलेला नसतो. अधिकार नसताना हुकूम सोडणाऱ्याला विचारलेला असतो.

आक्षेपाची एक बाजू मात्र खरी आहे आणि ती मी मोकळेपणाने मानतो. हे शब्द पुष्कळदा खालच्या दिशेने फेकले जातात. आदिवासी पाड्यावरचा मुलगा शिकला, खुर्चीवर बसून बोलू लागला, की पिढीजात मालदार त्याला ‘आला मोठा लाटसाहेब’ म्हणून हिणवतात. तिथे माज बोलणाऱ्याच्या अंगात असतो. पण शस्त्र चुकीच्या माणसावर चालले म्हणून ते मोडून टाकायचे नसते.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. मुकादमाने ‘उद्यापासून तुला गेट बंद’ म्हटले की कंत्राटी कामगाराची चूल खरोखर विझते. मग मुकादमाला सत्तेचा भ्रम आहे असे कसे म्हणायचे? सत्ता खरी आहे, हे कबूल. ती त्याची स्वतःची आहे, हा भ्रम आहे. पानिपतावर 1761 साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव लावून एक तोतया उभा राहिला. 1776 मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून तो सुटला आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले. किल्ले खरे होते, तोफा खऱ्या होत्या, माणसेही खरी होती. त्याच्याकडे स्वतःचे काय होते? इतरांनी ठेवलेला विश्वास. पुणे दरबाराच्या फौजांपुढे तो विश्वास टिकला नाही, आणि त्याच वर्षाअखेर त्याला देहदंड झाला.

याच मुलखातला दाखला त्याहून मोलाचा आहे. डहाणू-उंबरगावच्या जमीनदारांना वारली माणूस आपल्या वेठीसाठीच जन्मतो असे वाटत होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. मे 1945 मध्ये झरी गावच्या सभेत किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ करायची नाही असे ठरवले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो लढा लिहून ठेवला आहे. जमिनी जमीनदारांकडेच होत्या, पैसा होता, पोलीसही त्यांच्या बाजूचे. तरी फुकट राबणारे हात थांबले आणि मालकीचा तोरा उतरला.

म्हणून माझा राग टिकोजीरावापेक्षा आपल्या तोंडातल्या दुसऱ्या शब्दांवर अधिक आहे. नाक्यानाक्यावरच्या वाढदिवसाच्या फलकांवर ‘कार्यसम्राट’ आणि ‘भावी आमदार’ कोण लिहितो? समोर शेठ, भाई, साहेब. आणि टिकोजीराव फक्त पाठीमागे, हळू आवाजात. फुगवणारा शब्द चारचौघांत आणि उतरवणारा कुजबुजीत, असे असेल तर माज वाढणारच.

सर्वांत वाईट शब्द ‘सरपंचपती’. महाराष्ट्राने 2011 मध्ये पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. बाई निवडून आली, आणि खुर्चीत नवरा बसू लागला. कायद्यात असे पदच नाही, तरी गावोगाव आपण ते आदराने उच्चारतो, कार्यक्रमाच्या पत्रिकेत छापतो. एका शब्दाने आपण बाईचा अधिकार काढून घेतो आणि मतदारांनी ज्याला निवडलेच नाही त्याच्या हाती देतो. हा शब्द पत्रिकेतून आजच काढला पाहिजे. आणि ग्रामसभेत सरपंचबाईंना विचारलेल्या प्रश्नाला नवरा उत्तर देऊ लागला, तर कोणीतरी उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले पाहिजे: ‘भाऊ, तुम्ही इथे कोण?’ आणि हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेतला पाहिजे.