ट्रॅक्टरचें बळ आणि रेडिएटरचें माप

आमच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत ट्रॅक्टरचा डिझेल पंप ‘वाढवून’ घेण्याची चाल हल्लीं पुष्कळ गांवीं पडली आहे. दोन ट्रॉल्या ऊस ओढावयाचा किंवा काळ्या जमिनींत खोल नांगरट करावयाची, म्हणून मिस्त्रीकडून पंपाचा स्क्रू फिरवून घ्यावयाचा, आणि इंजिन अधिक ओढूं लागलें कीं फुकटांत लाभ झाला असें समजावयाचें, असा क्रम ठरून गेला आहे. बळ वाढविण्याची इच्छा वाईट आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती धरणारा रेडिएटरकडे ढुंकूनहि पाहत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

हिशेब साधा आहे. इंजिनांत जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकीं स्थूलमानानें तिसरा हिस्सा कामीं येतो, तिसरा धुरावाटे जातो व उरलेला बहुतेक पाण्यास वाहून न्यावा लागतो. डिझेल वाढलें कीं पाण्यावरील बोजाहि वाढतो. कारखान्यानें दिलेला रेडिएटर मात्र मूळच्या बळाच्या मापाचा असतो. शिवाय रेडिएटर उष्णता टाकतो ती पाणी व हवा यांच्या उष्णतामानांतील अंतराच्या प्रमाणांत. पाणी ९५ अंश व हवा ३० अंश असतां हें अंतर ६५ असतें. वैशाखांत हवा ४२ अंशांवर गेली कीं तें ५३ वर येतें. म्हणजे भार वाढला त्याच वेळीं रेडिएटरची शक्ति सुमारें १८ टक्क्यांनीं घटली. जमा वाढली आणि खर्चाची वाट अरुंद झाली, तर शिल्लक इंजिनांतच सांठणार.

आमच्या शेजारच्या एका होतकरू शेतकऱ्यावर गेल्या उन्हाळ्यांत हाच प्रसंग आला. इंजिन तापूं लागतांच कोणी त्यास थर्मोस्टॅट काढून टाकण्यास सांगितलें, कोणी बोअरचें पाणी भरण्यास सांगितलें. त्यानें दोन्ही केलें. पहिला उपाय कित्येक इंजिनांत उलटतो. कारण पाणी तापल्यावर थर्मोस्टॅट जी आडवाट बंद करतो, ती त्याच्या अभावीं उघडीच राहते, व कांहीं पाणी रेडिएटरकडे न जातांच इंजिनांत परततें. दुसऱ्या उपायाची गोष्ट अशी कीं, आमच्या काळ्या पाषाणांतील पाणी बहुधा क्षारयुक्त असतें. तें तापलें कीं नळ्यांच्या आंत पांढरा थर धरतो व तो उष्णतेस अडवितो. शेवटीं हेड वांकडें झालें, पिस्टन जाम झाला. दुरुस्तीस कर्ज काढावें लागलें आणि पेरणीच्या तोंडावर दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानें आणावा लागला.

आमचें मत असें कीं, ज्यास बळ वाढवावयाचें आहे त्यानें आधीं रेडिएटर मापानें करवून घ्यावा. तांब्या-पितळेचा असल्यास डाख देऊन नवी जाळी बसवितां येते. ॲल्युमिनिअमचा असल्यास आर्गॉन वेल्डिंगचा जाणता कारागीर लागतो. नळ्यांच्या रांगा वाढवाव्या. पण जाळी इतकी दाट नसावी कीं तींतून पंख्याची हवाच निघूं नये. पंख्याभोंवतींचें पत्र्याचें कवच नीट बसावें, नाहीं तर पंखा तापलेली हवाच फिरवीत राहतो. तयार जाळींत ठराविक दाबाची हवा भरून ती पाण्याच्या टांकींत बुडवावी व बुडबुडे निघतात काय हें स्वतः उभें राहून पाहावें. झाकणहि योग्य दाबाचें असावें. आमच्या उंचीवर उघडें पाणी सुमारें ९८ अंशांवर उकळतें. बंद झाकणाच्या दाबाखालीं तें त्याहून बरेंच तापलें तरी उकळत नाहीं. आंत शुद्ध पाणी व कूलंट डब्यावरील प्रमाणानेंच घालावें.

यास खर्च आहे, असें कोणी म्हणेल. आहेच, परंतु ज्यास तो परवडत नाहीं, त्यानें पंपाच्या स्क्रूस हात लावूं नये. शिवाय नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा बदल वाहनांत करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची आडकाठी आहे, हेंहि आधीं पाहून घ्यावें.

वाळूज येथें १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना चालूं आहे. चिकलठाण्यास इंडो-जर्मन टूल रूम आहे. ज्या शहरांत यंत्रांचे भाग इतक्या बारीक मापानें होतात, त्याच्या भोंवतालच्या शेतकऱ्यानें आपला रेडिएटर अंदाजानें बसवावा, हें शोभत नाहीं. एकट्यादुकट्यास हें जमणार नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणून आमच्या संघानेंच प्रचारांतील ट्रॅक्टरांच्या जाळ्यांचीं मापें एकदां काढवून त्यांचे नकाशे करवावे, दोन-चार भरंवशाच्या कारागिरांशीं दर ठरवावे, आणि दाबाची परीक्षा झाल्याची लेखी पावती मिळाल्यावांचून पैसे देऊं नयेत, असा नियम घालावा. येत्या बैठकींत सभासदांनीं हा विषय काढावा. उन्हाळा लागल्यावर काढून उपयोग नाहीं.