शेजारचं ताट



लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं ताट घेऊन यायच्या. चकल्या, करंज्या, दोन अनारसे आणि कडेला पूजेतल्या लाह्या-बत्तासे. आजी हसून ताट घ्यायची, पण लाह्यांपाशी तिचा हात क्षणभर थबकायचा. कृपेने तारण झालेल्या माणसाने मोशेचं नियमशास्त्र पाळायचं का, हा या अंकाचा विषय ठरला तेव्हा मला आधी तो हात आठवला.

इसवी सन ४९च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित आणि वडीलजन याच प्रश्नावर बसले होते. यहूदी नसलेल्यांनी सुंता करून घ्यावी, असा काहींचा हट्ट होता. सुंतेचं ओझं लादायचं नाही, असं ठरलं. मात्र मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म टाळा, असं पत्र गेलं. चारांतल्या तीन गोष्टी ताटातल्या! दोन्हीकडच्या माणसांना एका पंगतीत बसता यावं, हाच त्यामागचा हेतू असावा, असं मला वाटतं. अंत्युखियात पेत्र त्याच पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सुंता, शनिवार, खाण्यापिण्याचे निर्बंध तारणाची अट म्हणून कुणाच्याही मानेवर ठेवू नयेत. कुणी प्रेमाने पाळत असेल, तर त्याला हसूही नये. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. तो करार त्यांचा, त्यांच्या पूर्वजांपासूनचा. त्याला ओझं म्हणणारे आपण कोण?

पण कृपेच्या नावाखाली आपण सोयीचं तेवढंच सोडतो, हे मला जास्त सलतं. लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय काढून बघा. शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी, परक्यासाठी राखा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, ही येशूने उचलून धरलेली आज्ञाही त्याच अध्यायातली. डुकराचं मांस चालतं की नाही, यावर आपण तासभर वाद घालतो आणि घरकाम करणाऱ्या बाईचा पगार दहा तारखेपर्यंत लांबवतो. वधस्तंभाने मजुरीची ही आज्ञा रद्द झाली, असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. कृपा मिळालेल्या माणसाने तर तो पगार एक तारखेलाच द्यावा.

आजीने पौलाची पत्रं अनेकदा वाचली होती. लाह्या-बत्तासे ती वेगळे काढून ठेवायची, मग डोळे मिटून प्रार्थना करायची आणि करंजी मोडून पहिला तुकडा मला द्यायची. ताट घासूनपुसून फडताळात वरच्या फळीवर जायचं. नाताळच्या सकाळी ते खाली उतरायचं, आमच्या करंज्यांनी भरायचं आणि वर तोच क्रोशाचा रुमाल, धुऊन इस्त्री केलेला.