मेला तो मेला, वर निष्काळजीही ठरला!

सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतां फवारतां वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मेले, शेंकडों दवाखान्यांत पडले. मग मोठमोठे साहेब आले आणि म्हणाले काय? हातमोजे घातले नव्हते, तोंडाला फडकें बांधलें नव्हतें! पूर्वीं भटजी सांगे, तुझें प्रारब्ध. आतां साहेब सांगतो, तुझा निष्काळजीपणा. दोष मेलेल्याचा, बाकी सगळे सोंवळे!

आम्ही विचारतों, धोका कोठें आहे हें आधीं शोधण्याचें काम कोणाचें? त्या सालीं कपाशी पुरुषभर उंच वाढली होती. नळी वर करावी लागे आणि फवारा तोंडावर, छातीवर येई. बॅटरीच्या पंपाचे तुषार बारीक, ते श्वासाबरोबर आंत जात. विषानें व घामानें भिजलेला सदरा दिवसभर अंगावर. रात्रीं तोच घरच्या बाईनें हातानें धुवायचा. कचेरींतल्या खुर्चीवरून हें दिसत नाहीं. पाठीवर पंप घेणाराला दिसतें, पण त्याला विचारतो कोण?

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहरी, त्याखालोखाल पिवळा. हें विकणारानें किती गिऱ्हाइकांना सांगितलें? माहितीचा कागद मुंगीएवढ्या अक्षरांत छापायचा, आणि वाचला नाहीं म्हणून आम्हांलाच अडाणी म्हणायचें!

‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांतर्फे मागितलें कीं, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा व जन्माचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय व्हावी. ‘सांभाळून हात घाल’ एवढा उपदेश करून ते थांबले नाहींत. कारखान्याला निदान कागदोपत्रीं तरी तपासणीस असतो. शिवाराच्या बांधावर कोण येतो?

आणि बागाईतदार बंधूंनो, रागावूं नका, मजूर लावणारे आपणच आहों. पंप कोठें गळतो, वारा कोणीकडला, धुण्यास पाणी व साबण जवळ आहे काय, हें फवारणीपूर्वीं मजुरालाच विचारा. तो ‘आज नको’ म्हणाला तर त्याची मजुरी कापूं नका.

चक्कर आली, डोळ्यांपुढें अंधारी आली, तर पंप उतरवा, कपडे काढून अंग साबणानें धुवा व औषधाचा डबा बरोबर घेऊनच दवाखाना गांठा. कोणतें विष तें कळल्यावांचून डॉक्टरला उतारा ठरविणें कठीण जातें. दुकानदाराची पावतीही जपून ठेवा. ती नसेल तर उद्यां दावा कोणावर लावणार?